इंटेलवर विद्यापीठाने पेटंटचा दावा लावला, हे योग्यच झालं

कऱ्हाकाठ (धागाकर्ता)

विद्यापीठाने एखाद्या कंपनीला पेटंटसाठी कोर्टात खेचलं की आपल्याकडे लगेच म्हणतात, ‘शिकवायचं सोडून पैशाच्या मागे लागलेत.’ माझं मत याच्या बरोबर उलट आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वतीने २००८ साली इंटेलवर जो दावा झाला तो करायलाच हवा होता. तो केला नसता तर विद्यापीठाने आपल्याच प्राध्यापकाला आणि विद्यार्थ्यांना वाऱ्यावर सोडल्यासारखं झालं असतं.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९९०च्या दशकात मॅडिसनला, म्हणजे या विद्यापीठाच्या गावी, प्रा. गुरिंदर सोही आणि त्यांच्याबरोबर आंद्रेआस मोशोवोस, स्कॉट ब्रीच, टी. एन. विजयकुमार हे एका अडचणीशी झगडत होते. (सोही आणि विजयकुमार दोघेही बिट्स पिलानीचे.) प्रोसेसर वेगाने चालवायचा तर सूचना लिहिलेल्या क्रमाने न चालवता, जी तयार असेल ती आधी चालवावी लागते. आता समजा प्रोग्राममध्ये आधी आहे, ‘यादीच्या क्ष नंबरच्या खान्यात १० लिही’, आणि त्याच्याखाली आहे, ‘य नंबरच्या खान्यातलं वाच’. क्षची किंमत अजून ठरायची आहे. मग वाचणाऱ्या सूचनेला थांबवायचं की पुढे जाऊ द्यायचं? जाऊ दिलं आणि क्ष नि य एकच निघाले तर शिळा आकडा वाचला जातो, आणि त्या आकड्यावर पुढे जे जे केलं ते सगळं टाकून पुन्हा करावं लागतं. दर वेळी थांबवलं तर वेगच जातो.

या चौघांचा तोडगा असा: कोणत्या वाचण्याने पूर्वी असा घोळ घातला होता त्याची नोंद चिपमधल्याच एका छोट्या तक्त्यात ठेवायची. ती सूचना पुन्हा आली की तक्ता बघायचा. तिचा इतिहास वाईट असेल तर थांबवायची, नाहीतर मोकळी सोडायची. डिसेंबर १९९६मध्ये अर्ज केला, जुलै १९९८मध्ये पेटंट मिळालं. मालकी ‘वॉर्फ’कडे, म्हणजे विस्कॉन्सिन अ‍ॅलम्नाय रिसर्च फाउंडेशनकडे. विद्यापीठाची पेटंटं सांभाळणारी ही वेगळी, ना-नफा संस्था आहे.

२००६ साली इंटेलची कोअर २ ड्युओ ही चिप आली. मेमरीतल्या वाचण्याचा असाच अंदाज बांधण्याची सोय तिच्यात होती आणि इंटेल तिची जाहिरातही करत होती. वॉर्फचं म्हणणं होतं की २००१पासून आम्ही इंटेलला परवाना घ्या म्हणून सांगतोय, समोरासमोर बसूनही बोललोय. काही हाती लागेना तेव्हा फेब्रुवारी २००८मध्ये दावा टाकला. ज्युरीसमोर खटला उभा राहण्याआधीच २००९मध्ये तडजोड झाली. रक्कम तेव्हा गुलदस्त्यात होती. ती ११ कोटी डॉलर होती हे पुढे उघड झालं.

यात विद्यापीठाचं काय चुकलं ते मला कुणीतरी सांगावं. आधी विचारलं, थांबले, मग कोर्टात गेले. आणि समोर कोण होतं? तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी चिप कंपनी, जिची स्वतःची हजारो पेटंटं आहेत आणि जी त्यांच्या रक्षणासाठी वकिलांची फौज बाळगून आहे. पेटंट कंपनीने वापरलं तर तो व्यवसाय आणि विद्यापीठाने वापरलं तर ती हाव, हा न्याय मला मान्य नाही.

अर्धवाहक

अजिबात सहमत नाही. मी चिप डिझाइनमध्ये आहे. तुम्ही तांत्रिक भाग छान समजावलात, पण अर्धाच सांगितलात.

वाचणं थांबवावं की सोडावं याचा इतिहास ठेवायचा, हा विचार त्या काळात फक्त मॅडिसनला चालला होता असं नाही. १९९८मध्ये बाजारात आलेल्या डेक कंपनीच्या अल्फा २१२६४ या प्रोसेसरमध्येही १०२४ खान्यांचा तक्ता होता. ज्या वाचण्याने घोळ घातला त्याच्या खान्यात एक बिट (शून्य किंवा एक एवढीच खूण) चढवायचा, पुढच्या वेळी त्याला थांबवायचं आणि ठरावीक काळाने सगळा तक्ता पुसायचा. क्रम मोडून सूचना चालवणारे प्रोसेसर बनवायला घेतले की कुणीही हुशार इंजिनिअर या वळणावर येणारच. अशा वेळी जो आधी पेटंट ऑफिसात पोचला त्याने बाकी सगळ्यांकडून जकात घ्यायची का?

दुसरं, तुम्ही इंटेलवरच थांबलात. त्याच पेटंटवर वॉर्फने २०१४मध्ये अ‍ॅपलवर दावा केला. आयफोन ५एसमधली ए७ आणि तिच्या पुढची ए८ या चिपांवरून. २०१५मध्ये ज्युरीने २३.४ कोटी डॉलर द्यायला सांगितले, २०१७मध्ये न्यायाधीशांनी ती रक्कम ५०.६ कोटींवर नेली. आणि सप्टेंबर २०१८मध्ये अपील कोर्टाने सगळंच उलटवलं! पेटंटात लिहिलं होतं की अंदाज हा एका विशिष्ट वाचण्याच्या सूचनेशी जोडलेला असेल. अ‍ॅपलच्या रचनेत सूचनेच्या पत्त्यावरून एक आखूड खूण काढली जायची, आणि अनेक सूचनांना तीच खूण मिळू शकायची. म्हणजे नोंद एकीची नाही, गटाची. कोर्ट म्हणालं, हे त्या पेटंटात बसत नाही. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दखल घ्यायला नकार दिला. ए९ चिपांवरचा दुसरा दावाही २०२४मध्ये संपला. दहा वर्षं कोर्टबाजी, हाती शून्य.

मग इंटेलने दिलेले ११ कोटी कशाचे होते? खटला लढण्यापेक्षा मिटवणं स्वस्त पडलं, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

आणि एक आतली गोष्ट. मी पूर्वी ज्या कंपनीत होतो तिथे नव्या इंजिनिअरला पहिल्याच आठवड्यात बजावलं जायचं, दुसऱ्याचं पेटंट उघडून वाचायचं नाही. कारण अमेरिकेत जाणूनबुजून उल्लंघन केल्याचं सिद्ध झालं तर भरपाई तिपटीपर्यंत जाऊ शकते, आणि वाचल्याचा एखादा ईमेल सापडला की जाणूनबुजून झालंच. पेटंटचा मूळ हेतू काय होता? ज्ञान उघड व्हावं, त्या बदल्यात काही वर्षं हक्क मिळावा. इथे ज्यांनी ते ज्ञान वाचायला हवं त्यांनाच वाचायची बंदी. मला हे फार लागतं. मी पेपर आवडीने वाचणारा माणूस आहे.

कऱ्हाकाठ

अर्धवाहक, अ‍ॅपलचा निकाल मी मुद्दाम लपवला नाही, विषय इंटेल होता. पण तो निकाल नीट बघा. अपील कोर्टाने पेटंट रद्द केलं नाही. हीच कल्पना आधीच्या दुसऱ्या एका पेटंटात आहे हा अ‍ॅपलचा युक्तिवाद त्याच निकालात फेटाळला गेला. अ‍ॅपलने पेटंट ऑफिसकडे फेरतपासणी मागितली होती, तीही त्या ऑफिसने सुरू केली नाही. म्हणजे ‘कुणालाही सुचलं असतं’ हे सिद्ध करायची संधी अ‍ॅपलसारख्या कंपनीला मिळाली आणि तिला ते जमलं नाही. अ‍ॅपल सुटली ती तिची रचना वेगळी ठरली म्हणून.

शिवाय वॉर्फने दाव्यात दाखवलं होतं की अ‍ॅपलने स्वतःच्या पेटंट अर्जांमध्ये सोहींच्या या पेटंटचा उल्लेख केला होता. म्हणजे तिथे कुणीतरी वाचलं होतंच.

तुम्ही म्हणता तक्ता कुणालाही सुचला असता. तुमच्या अल्फाचा तक्ता एका बिटाचा, घोळ झाला की थांब. विस्कॉन्सिनच्या मंडळींनी अंदाजाला श्रेणी दिली, वाचणं आणि लिहिणं यांची जोडी ओळखली, आणि लिहिणं पूर्ण होताच त्या वाचण्याला नेमकं सोडायचं कसं हे मांडलं. काही काळाने सगळंच पुसून टाकण्याची गरज नाही. तुम्ही डिझाइनमधले आहात, यातला फरक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

शुक्रतारा

माझा आक्षेप तंत्राचा नाही, पैशाचा आहे. हे संशोधन कुणाच्या पैशातून झालं? सोहींच्या त्या प्रकल्पाला अमेरिकेच्या सरकारी विज्ञान आणि संरक्षण संस्थांचं अनुदान होतं. म्हणजे करदात्याने एकदा पैसे दिले. मग इंटेलने ११ कोटी दिले, ते इंटेल काय खिशातून देते? लॅपटॉपच्या किमतीतून काढते. म्हणजे त्याच करदात्याने दुसऱ्यांदा पैसे दिले.

१९८०च्या बे-डोल कायद्यामुळे अमेरिकी विद्यापीठांना सरकारी पैशातल्या शोधांची मालकी मिळाली. त्याआधी ती सरकारकडे जायची आणि बरेच शोध धूळ खात पडायचे, हे खरं. पण कायद्याचा हेतू होता की शोध वापरात यावेत. इंटेलच्या बाबतीत शोध वापरात आलाच होता, कोट्यवधी घरांत गेला होता! वॉर्फच्या दाव्याने त्यात काय भर पडली? एकाही माणसाला जास्त वेगवान संगणक मिळाला नाही.

आणि वॉर्फला फार साधुसंत समजू नका. तिचा जन्म १९२५चा, प्रा. हॅरी स्टीनबॉक यांच्या ड जीवनसत्त्वाच्या पेटंटातून. अतिनील किरणांनी अन्नात ड जीवनसत्त्व वाढवायची पद्धत. मुडदूस झालेल्या मुलांसाठी वरदान. पण वॉर्फने मार्गारिनवाल्यांना परवाना द्यायला नकार दिला. का? विस्कॉन्सिन हे दुधालोण्याचं राज्य, आणि मार्गारिन हे लोण्याचं स्वस्त प्रतिस्पर्धी. गरीब लोक मार्गारिन खायचे. १९४०च्या दशकात अमेरिकेच्या एका अपील कोर्टाने त्यावर कडक शब्दांत बोट ठेवलं आणि ती पेटंटं अवैध ठरवली. सार्वजनिक ज्ञानाची किल्ली एका संस्थेच्या हातात दिली की असं होतं.

मेंडोटाकाठ

मी बरीच वर्षं मॅडिसनला राहतो, म्हणून लिहितोय. शुक्रतारा यांनी मार्गारिनचा किस्सा सांगितला, तो खरा आहे, पण स्टीनबॉक यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. पेटंटसाठी सुरुवातीचे ३०० डॉलर त्यांनी पदरचे घातले. क्वेकर ओट्स कंपनी जवळपास दहा लाख डॉलर द्यायला तयार होती, १९२०च्या दशकात! ते त्यांनी नाकारले आणि हक्क विद्यापीठाच्या कामी यावेत म्हणून माजी विद्यार्थ्यांची ही संस्था उभी करायला लावली. सुरुवातीलाच विद्यापीठाला पेटंटमध्ये रस नव्हता, वेगळी संस्था काढावी लागली ती त्यामुळे.

आज कॅम्पसवर हिंडलं की हा पैसा दिसतो. नव्या प्राध्यापकाला पहिली प्रयोगशाळा उभारायला, पीएचडीच्या मुलांच्या फेलोशिपला, ज्या विषयाला वॉशिंग्टनमधून पैसा येत नाही अशा उपद्व्यापांना वॉर्फचं अनुदान मिळतं. आणि पैसा फक्त कम्प्युटरवाल्यांकडे जात नाही. उंदीर मारायचं औषध आणि नंतर रक्त पातळ करायची गोळी म्हणून जगभर गेलेलं वॉरफरिन इथलंच, नावातच वॉर्फ आहे. शोध लावणाऱ्यांना उत्पन्नाच्या २० टक्के मिळतात, बाकीचं बहुतांश संशोधनात परत जातं.

शुक्रतारा, करदात्याने दोनदा पैसे दिले म्हणता. दुसऱ्यांदा दिलेला पैसा जर पुढच्या पिढीच्या संशोधनात गेला, तर तो कुठे हरवला? परवाना शुल्क घेतलंच नसतं तर तो इंटेलच्या भागधारकांच्या लाभांशात गेला असता. लॅपटॉप काही स्वस्त झाला नसता.

उलटतपासणी

मी वकिली करते, पेटंटचीच. इंटेलच्या बचावाबद्दल इथे कुणीच बोललं नाही, म्हणून मुद्दा मांडते.

इंटेलने म्हटलं होतं की सोहींच्या संशोधनाला आम्ही पैसे दिले होते, त्या व्यवहारामुळे हे तंत्र वापरायचा आम्हाला हक्क आहे. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा धडा इथे आहे. कंपनी प्राध्यापकाला काही हजार डॉलर देते, सोबत एक साधं पत्र. प्राध्यापकाला वाटतं देणगी आहे. दहा वर्षांनी तेच पत्र कंपनी कोर्टात काढते. भारतात तर मी यापेक्षा वाईट कागद बघितलेत. एका महाविद्यालयाने कंपनीशी केलेल्या सामंजस्य करारात ‘सर्व निष्कर्षांची मालकी कंपनीची’ हे वाक्य चौथ्या पानावर होतं आणि सही करणाऱ्याने पहिलंच पान वाचलं होतं.

इंटेलचा खटला अर्ध्यात मिटला, त्यामुळे अर्धवाहक म्हणतात तसं कोण बरोबर होतं हे कायमचं अनुत्तरित राहिलं. ज्यांना शेवटपर्यंत गेलेलं प्रकरण बघायचं असेल त्यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठ विरुद्ध मार्व्हेल बघावं. हार्ड डिस्कच्या चिपांचं. अलेक्झांडर कावचिच आणि त्यांचे गाइड जोझे मोरा यांनी तबकडीवरून येणाऱ्या सिग्नलमधला गोंगाट ओळखून खरा बिट कोणता हे काढायची पद्धत शोधली. २००९मध्ये दावा झाला. मार्व्हेलच्या इंजिनिअरांनी आपल्या अंतर्गत सॉफ्टवेअरला नाव काय दिलं होतं माहीत आहे? ‘कावचिच पीपी’. स्वतः शोधून काढलं म्हणणाऱ्याच्या फाइलवर दुसऱ्याचं नाव! ज्युरीने २०१२मध्ये ११७ कोटी डॉलर ठोकले. हिशेब साधा होता, २३४ कोटी चिपा, दर चिपेला ५० सेंट.

पण पुढचंही सांगते, कारण ते विद्यापीठाच्या विरोधात जातं. यातल्या पुष्कळ चिपा अमेरिकेत ना बनल्या, ना तिथे आल्या. अपील कोर्टाने २०१५मध्ये म्हटलं की त्या चिपांची विक्री अमेरिकेत झाली असं आधी दाखवा, आणि एवढा भाग परत पाठवला. शेवटी २०१६मध्ये ७५ कोटींवर मिटलं. मुद्दा असा, की पेटंटचा दावा लावला म्हणजे विद्यापीठ डोळे झाकून लूट करतं असं होत नाही. कोर्ट चाळण लावतं आणि चाळण बारीक असते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या ईबे निकालानंतर तर स्वतः माल न बनवणाऱ्याला विक्रीवर मनाई मिळणंही कठीण झालंय. अ‍ॅपलच्या खटल्यात वॉर्फने मनाई मागितली होती, ती मिळाली नाही.

अर्धवाहक

कावचिचचं उदाहरण मान्य. तिथे नक्कल होती, पैसे द्यायलाच हवेत. माझा विरोध त्याला नाहीच. माझा विरोध आहे तो ज्याने पेटंट बघितलंही नाही, स्वतःच्या डोक्याने तेच केलं, त्याच्याकडूनही तेवढीच वसुली करण्याला. अमेरिकी कायद्यात स्वतंत्रपणे शोधलं हा बचावच नाही. कोअर २ची चमू इस्राएलमधल्या हैफात बसून काम करत होती. त्यांनी मॅडिसनचा पेपर बघून तक्ता काढला की स्वतःच्या मोजमापांवरून, कायद्याला फरक पडत नाही. मला पडतो.

आणि विद्यापीठांनी दुसरा रस्ताही दाखवलाय. बर्कली विद्यापीठाने २०१०मध्ये रिस्क-फाइव्ह, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या सूचनांचा एक संच, सुरू केलं आणि कुणीही वापरा म्हणून मोकळं सोडलं. आज आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर त्याच्यावर उभा आहे, तोही खुला. बर्कलीने तिथे दर चिपेला ५० सेंट मागितले असते तर शक्ती जन्मालाच आला नसता. तुमच्या कॉलेजातली मुलं आज एफपीजीए बोर्डावर (हवी तशी जुळवता येणारी चिप असलेल्या बोर्डावर) स्वतःचा प्रोसेसर चालवतात ते या उदारपणामुळे. विद्यापीठाला शोभतं ते हे.

कऱ्हाकाठ

रिस्क-फाइव्हचं उदाहरण जोरदार आहे, पण ते इथे लागू पडत नाही. ती सॉफ्टवेअर आणि चिप यांच्यातली बोली आहे. ती जितके जास्त लोक बोलतील तितकी तिची किंमत वाढते, म्हणून मोकळी सोडण्यात बर्कलीचाही फायदा. सोहींचा तक्ता चिपच्या पोटात असतो. बाहेरून कुणाला दिसत नाही, दुसऱ्याने वापरल्याने पहिल्याला काही मिळत नाही. इंटेलने तो वापरून आपल्या चिपचं डिझाइन सगळ्यांना खुलं केलं का? नाही. विद्यापीठाने मोकळं सोडायचं आणि कंपनीने घेऊन कुलपात ठेवायचं, हा उदारपणा एका बाजूचा होतो. शक्तीसारखा खुला प्रकल्प हाच तक्ता वापरेल तर त्याला फुकट द्यावा, हे मला शंभर टक्के मान्य. विद्यापीठ परवाना देताना असा भेद करू शकतं.

स्वतंत्रपणे शोधलं तर काय, हा प्रश्न मात्र मला खरंच अवघड वाटतो. पण इंटेलच्या बाबतीत, वॉर्फचं म्हणणं धरलं तर, २००१मध्येच सांगितलं गेलं होतं आणि चिप आली २००६मध्ये. मधली पाच वर्षं हातात असताना ‘आम्हाला माहीत नव्हतं’ कसं म्हणणार?

शुक्रतारा

मेंडोटाकाठ, पैसा संशोधनात गेला हे चांगलंच. पण त्याचा दुसरा परिणाम बघा. प्राध्यापकाच्या डोक्यात आधी पेपर असायचा, आता आधी अर्ज येतो. गटाच्या बैठकीत मोकळेपणी बोलायचं की वकिलाला विचारून, हा प्रश्न येतो. पीएचडीचा विद्यार्थी इंटर्नशिपला त्याच कंपनीत जातो जिच्यावर त्याचं विद्यापीठ उद्या दावा लावेल.

आणि विद्यापीठ पेटंट घेतं ते नेहमी अस्सल शोधाचंच घेतं असंही नाही. हळद विसरलात? जखमेवर हळद लावायचं पेटंट १९९५मध्ये अमेरिकेत मिळालं, ते कुणाला? कंपनीला नाही, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला. डॉ. माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे आपल्या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेचे, महासंचालक. सीएसआयआरने जुनी पुस्तकं, संस्कृत वचनं, छापील लेख समोर ठेवले आणि १९९७मध्ये ते पेटंट रद्द करायला लावलं. तेव्हा आपण सगळे विद्यापीठाच्या विरोधात होतो आणि योग्यच होतो. विद्यापीठ आहे म्हणून हक्क पवित्र, हे मी मानणार नाही.

मेंडोटाकाठ

हळदीचं पेटंट चुकीचं होतं कारण त्यात नवं काही नव्हतं, आणि ते रद्द करायचा रस्ता त्याच कायद्यात होता. सोहींच्या पेटंटवर तोच प्रयत्न झाला, ते टिकलं. दोन्हींना एकाच तराजूत घालू नका.

विद्यार्थ्यांचं म्हणाल तर त्या पेटंटवरचे तिघे विद्यार्थी होते, आणि त्यांची नावं शोधक म्हणून आहेत. मोशोवोस पुढे टोरांटोला प्राध्यापक झाले, विजयकुमार पर्ड्यूला. सोहींना २०११मध्ये एकर्ट-मॉकली पुरस्कार मिळाला, प्रोसेसर रचनेतला सगळ्यात मोठा. दाव्यामुळे कुणाचंही संशोधन थांबलं नाही. कंपन्यांनी इथल्या मुलांना नोकऱ्या देणंही थांबवलं नाही.

रानवारा

सगळे प्रतिसाद वाचले. मी मुंबईत पीएचडी करते, विषय कॅश मेमरीतला (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीतला) एक अंदाज-तक्ताच. म्हणून हा धागा माझ्यासाठी गप्पा नाही.

आपल्याकडे काय होतं ते सांगते. माझ्या एका सीनिअरने चांगलं काम केलं, परदेशी परिषदेत पेपर आला, टाळ्या पडल्या. नंतर संस्थेला पेटंट आठवलं. तोवर ते जगजाहीर झालं होतं. पुढच्या वर्षी एका मोठ्या कंपनीच्या माहितीपत्रकात तशीच रचना दिसली. कुणाकडे जाणार? शुक्रतारा म्हणतात की आधी पेपर ही चांगली सवय होती. तुमच्यासाठी असेल. माझ्या सीनिअरला त्या पेपरमधून मिळालेली गोष्ट म्हणजे सीव्हीवरची एक ओळ, आणि ती कंपनी त्याला मुलाखतीलाही बोलवत नाही.

२००८मध्ये सरकारी पैशातल्या शोधांबद्दल बे-डोलसारखं विधेयक राज्यसभेत आलं होतं, २०१४मध्ये मागे घेतलं. म्हणजे आमच्यासारख्यांचा हक्क प्रत्येक संस्थेच्या आपापल्या धोरणावर. कुठे शोधकाला मोठा वाटा, कुठे धोरण असल्याचंच कुणाला माहीत नाही.

उलटतपासणी ताई, माझा पेपर दोन महिन्यांत पाठवायचा आहे. काय करू?

अर्धवाहक

रानवारा, सीनिअरबद्दल वाचून वाईट वाटलं. तरी माझा सल्ला वेगळा आहे. कोड आणि सिम्युलेटर खुला टाका, पेपरबरोबर. चिप कंपन्यांत माणसं घेताना आम्ही पेटंट नंबर बघत नाही, तुमचा सिम्युलेटर चालवून बघतो. पेटंट घ्याल, पण उल्लंघन सिद्ध करायला चिप फोडून आत बघावं लागतं, त्याचा खर्च तुमची संस्था करणार आहे का? वॉर्फकडे शंभर वर्षांची गंगाजळी आहे म्हणून ते दहा-दहा वर्षं लढतात.

कऱ्हाकाठ

म्हणजे गरीब विद्यापीठाने हक्कच मागू नये, कारण लढायला पैसे नाहीत? याच कारणासाठी मी हा धागा काढला. वॉर्फकडेही १९२५ला गंगाजळी नव्हती, एका प्राध्यापकाचे ३०० डॉलर होते.

उलटतपासणी

रानवारा, नेमकं सांगते.

पेपर पाठवण्याआधी पेटंट ऑफिसात तात्पुरतं विवरण (प्रोव्हिजनल, म्हणजे शोधाचं प्राथमिक वर्णन) दाखल करा. पूर्ण विवरणाला त्यानंतर १२ महिने मिळतात, तोवर पेपर छापून आला तरी चालतं. शैक्षणिक संस्थेला २०२१पासून शुल्कात ८० टक्के सूट आहे, ऑनलाइन अर्जाचे १,६०० रुपये पडतात. तेवढ्यासाठी संस्था नाही म्हणणार नाही. अमेरिकेत स्वतःच्या पेपरनंतर वर्षभराची सवलत आहे, आपल्याकडे तशी सरसकट नाही, तुमच्या सीनिअरचं तिथेच बिनसलं. विस्कॉन्सिनच्या चौघांचा अर्ज डिसेंबर १९९६चा, आणि या विषयावरचा त्यांचा गाजलेला परिषदेतला पेपर १९९७चा. क्रम बघा.

आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के)नुसार नुसत्या अल्गोरिदमला, म्हणजे गणिती कृतीला, पेटंट मिळत नाही. त्यामुळे ‘अंदाज बांधायची पद्धत’ असं लिहू नका. तक्ता कुठे आहे, कोणत्या तारांनी कशाला जोडलाय, कधी कोणता संकेत जातो, अशी सर्किटची मांडणी करा. सोहींच्या पेटंटचं शीर्षकही सर्किटचंच आहे.

आणि अ‍ॅपलचा निकाल समोर ठेवून मसुदा वाचा. तुमच्या तक्त्यातली नोंद एका सूचनेची असेल, गटाची असेल किंवा पत्त्यावरून काढलेल्या खुणेची असेल, तर हे तिन्ही प्रकार अर्जातल्या वेगवेगळ्या हक्क-कलमांत (क्लेम्समध्ये) येऊ द्या. एकच लिहिलंत तर समोरचा दुसऱ्यातून निसटेल.

अर्धवाहक म्हणतात तसा कोड खुला करायचा असेल तर तोही करा, फक्त अर्ज झाल्यावर, आणि परवान्यात पेटंटबद्दल काय लिहिलंय ते बघून. काही खुले परवाने वापरणाऱ्याला पेटंटचा हक्कही देऊन टाकतात.

तुमच्या गाइडच्या प्रकल्पाला कंपनीचा पैसा असेल तर ते पत्र आधी मागवून घ्या, सगळी पानं. आणि पेटंट अर्जाच्या फॉर्म १वर शोधक म्हणून तुमचं नाव आहे ना, हे सही व्हायच्या आत स्वतःच्या डोळ्यांनी बघा.